बिगुल, मुकुट आणि खांद्यावरचा आकडा

८ जुलै २०२४, सोमवार, लोणावळा

कार्ल्याहून एक आजी नातवाला घेऊन आल्या. सासऱ्यांच्या ट्रंकेतली पुरचुंडी सोडली : बिगुलाचा पितळी बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरं आणि कसरीनं खाल्लेला लाल कापडाचा तुकडा. "मामंजी लढाईवर होते एवढंच ठाऊक. कुठल्या, ते तुम्ही सांगा," म्हणाल्या. नातू चिंच लावून सगळं लखलखीत करायला निघाला होता, त्याला आधी थांबवलं. घासलं की कडा बोथट होतात, बारीक रेघा जातात. आणि ओळख पटते ती त्या रेघांवरूनच.

९ जुलै, मंगळवार

पावसानं दिवसाही दिवा लावावा लागला. बिल्ला भिंगाखाली धरला. बिगुल म्हणजे लाइट इन्फन्ट्री. आपल्या मुलखात मराठा लाइट इन्फन्ट्री. बिगुलावरच्या मुकुटाचा माथा गोल, फुगीर आहे. हा राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खोलगट असत. २६ जानेवारी १९५० पासून मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. एकट्या मुकुटानं पन्नास वर्षांची चौकट आखून दिली.

खांद्यावरच्या अक्षरांनी ती आवळत आणली. त्यात '५' आहे. १९२२ पर्यंत मराठा पलटणींचे आकडे तीन अंकी होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्या वर्षी फेररचना होऊन 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली आणि १९४०च्या दशकात हा पाचही नावातून गेला. आता उलटी बाजू पाहिली. पाठ खरखरीत, कडेला ओतकामाची शीर तशीच राहिलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत असा माल इथेच वाळूच्या साच्यात ओतून घेत.

१४ जुलै, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली. एका पथारीवर '५ मराठा'चाच बिल्ला, पण मुकुट खोलगट. पाचाचा आकडा १९२२ नंतरचा. खोलगट मुकुट एकतर १९०१ पूर्वीचा, नाहीतर १९५२ला गादीवर आलेल्या एलिझाबेथ राणीचा. तेव्हा तर आपल्या सैन्याच्या बिल्ल्यांवर मुकुटच उरला नव्हता. दोन्ही खुणा एका बिल्ल्यावर नांदूच शकत नाहीत. माल नकली. जुनाट दिसावा म्हणून वर काळपट रंगही दिला होता.

१८ जुलै, गुरुवार

नौदलातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी वडिलांच्या टोपीची काळी फीत दाखवली. सोनेरी अक्षरांत फक्त 'एच. एम. आय. एस.', पुढे जहाजाचं नाव नाही. ही अक्षरं रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांची. ते नाव १९३४चं आणि १९५०ला 'आय. एन. एस.' आलं, तेव्हा फीत या दोहोंच्या मधली. नाव नसणं हीसुद्धा खूणच : कोणतं जहाज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून युद्धकाळात ते गाळत. आपल्या लोणावळ्याची नौदलाची प्रशिक्षण संस्था 'शिवाजी' १५ फेब्रुवारी १९४५ला सुरू झाली, तीही याच चार अक्षरांखाली.

२१ जुलै, रविवार

लाल तुकडा उलगडला. त्यावर तीन पिवळी क्लोव्हरची पानं. ही आठव्या इंडियन डिव्हिजनची खूण. ही डिव्हिजन इटलीत लढली. मराठ्यांची पहिली बटालियन, 'जंगी पलटण', तिच्यात होती. याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आजींना फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मामंजी इटलीचं नाव घ्यायचे. आम्हाला वाटायचं, गंमत करतात."

पण मामंजी जंगी पलटणीतच होते, असं मी लिहून देणार नाही. एका डिव्हिजनमध्ये अनेक तुकड्या असतात. ते डिस्चार्जच्या कागदावरून किंवा बेळगावच्या रेजिमेंटच्या दप्तरातूनच ठरेल. धातू आणि कापड काळ सांगतात, मुलूख सांगतात; माणसाचं नाव घरच्यांनीच जपावं लागतं.

मावळात अशा ट्रंका अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर असतील. तुमच्याकडे असेल तर बिल्ला घासू नका, भंगारात घालू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा : कोणाचा, गाव कोणतं, नंबर आणि पलटण ठाऊक असेल तर तीही. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस आहे तोवर, आजच लिहून घ्या.