चोर्ला घाटातली काच

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटात जाताना पावसाळ्यात ब्लोअर नुसत्या उबेसाठी नसतो. आपल्या श्वासाने धुरकटणारी पुढची काच तोच स्वच्छ ठेवतो. मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी मागे पडले आणि आमचा ब्लोअर थांबला. बाहेर धुके, आत वाफ, वळण दिसेना. खिडक्या बोटभर उघडून गाडी कडेला घेतली. फक्त शेवटच्या वेगावर चालला असता, तर रेझिस्टरवर संशय घेतला असता; इथे सगळेच वेग गप्प. फ्यूज शाबूत होता. मागून आलेल्या ट्रकवाल्याने डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूच्या मोटरवर पान्याने हलकेच ठोकले. पंखा घरघरला, काच उजळली.

“कार्बन झिजलेत. बदलून घ्या, मरीब्याड्री!” तो म्हणाला.

मिरगाआधी वायपरबरोबर ब्लोअरही तपासून घ्यावा.