खेडच्या वाटेवर दोन गाड्या

रमजान ईद जवळ आली की मुंब्र्यातील कोकणी घरांत गावी जाण्याची लगबग सुरू होते. यंदा आम्ही प्रथमच एस.टी.ऐवजी स्वतःच्या मोटारीने निघालो. सफरची दुआ पढली आणि पनवेल, पेण, माणगाव, महाड करीत पोलादपूर गाठले. पूर्वी कशेडी घाट आला की मुलांच्या हाती लिंबू द्यावे लागे. आता डोंगराच्या पोटातून सुमारे २ किलोमीटरचा बोगदा झाला आहे. "घाट कधी येणार?" असे मुले विचारीत होती, तेव्हा आम्ही खेड तालुक्यात उतरलोही होतो.

मोटार नव्या तऱ्हेची. किल्ली खिशात असली की दार उघडते, बटण दाबले की इंजिन सुरू होते, समोर पडद्यावर नकाशा दिसतो. मात्र भरणे नाक्यावरून आत वळून मातीच्या वाटेला लागलो आणि तिचे पोट घासू लागले. शेवटी अब्बा टेम्पो घेऊन आले, सामान त्यात भरले, तेव्हा कुठे मोटार हलकी होऊन अंगणात पोहोचली.

अब्बांचा टेम्पो म्हणजे टाटा एस. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली. दोन सिलिंडरचे लहानसे डिझेल इंजिन, पण पाऊण टन ओझे ओढते. भात गिरणीवर न्यायचे, घरासाठी चिरे आणायचे, आंब्याच्या पेट्या नाक्यावर पोहोचवायच्या, लग्नाच्या देगा आणायच्या, विहीर आटली की पाण्याची पिंपे भरून आणायची, ही सारी कामे त्याचीच. गरिबाकडून अब्बा फक्त डिझेलचे पैसे घेतात. मय्यतीच्या कामाला तेवढेही नाहीत.

हाच टेम्पो विकण्याचा आग्रह आम्ही धरला होता. मोटारीचे हप्ते जड जात होते. चिपळूणच्या एका गृहस्थाने ५,००० रुपये बयाना दिला होता आणि ईदनंतर तो टेम्पो नेणार होता.

चांदरातीला मध्यरात्री दादीचा श्वास कोंडू लागला. आम्ही किल्ली घेऊन मोटारीकडे धावलो. दार उघडेना. बटण दाबून दाबून बोटे दुखली. तोवर अब्बांनी टेम्पो सुरू केला होता. दादी आणि अम्मी पुढे बसल्या, आम्ही मागे हौद्यात. खेडच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. फजरच्या सुमारास दादीने डोळे उघडून विचारले, "शिरखुर्मा झाला का?" अल्हम्दुलिल्लाह!

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मुलाने किल्ली हातात घेतली. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. त्याच किल्लीच्या पोटातून त्याने लोखंडी पाते बाहेर काढले आणि चालकाचे दार उघडले. मग ती किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबले. इंजिन सुरू! अशा बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. आमच्या गाडीच्या पुस्तकात ती लिहिलेली होती, पण ते पुस्तक आम्ही प्लॅस्टिकमधून बाहेरही काढले नव्हते. ज्यांच्या घरी अशी मोटार आहे, त्यांनी हा प्रयोग आजच दिवसाउजेडी करून पाहावा आणि घरातील बायकामुलांनाही शिकवावा. एक जादा सेलही घरात ठेवावा.

टेम्पो विकू नये, असे आता आम्हीच म्हणू लागलो. अब्बा म्हणाले, "जबान दिली आहे. त्याची रजामंदी नसेल तर सौदा मोडणार नाही." ईदच्या तिसऱ्या दिवशी ते स्वतः चिपळूणला गेले आणि सारा किस्सा सांगितला. त्या भल्या माणसाने बयाना परत घेतला आणि दादीसाठी खजुराचा डबा दिला.

हप्त्यांची तंगी अजून आहेच. म्हणून मुंब्र्यात मोटार आठवडाभर उभी असते आणि आम्ही लोकलने कामाला जातो. गावाकडून फोन आला की दादीच्या तब्येतीनंतर आमचा दुसरा सवाल ठरलेला असतो, "टेम्पो चालू आहे ना?"