गाठ दिसते, पण ती ट्यूमरचीच का?

‘मेंदूत गाठ आहे’ हे वाक्य पाटणहून कराडला पोचेपर्यंत त्याचा कॅन्सर झालेला असतो. मोरगिरी, ढेबेवाडी, कोयनानगरकडची माणसं एमआरआयचं पाकीट घेऊन समोर बसतात, तेव्हा रान विकायचं की दागिने मोडायचे इथवर घरात बोलणं झालेलं असतं. मी मेंदूविकारतज्ज्ञ. रिपोर्टची शेवटची ओळ मी मुद्दाम शेवटीच वाचतो.

कारण ट्यूमरचं सोंग घेणारे आजार बरेच आहेत आणि त्यातला एक आहे मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उलटते. एरवी त्याचे डाग लहान आणि विखुरलेले असतात. पण क्वचित एखादा डाग दोन सेंटिमीटरहून मोठा होतो, भोवती सूज धरतो, औषध टोचून फोटो काढला की कडेनं चकाकतो. मग रिपोर्टात ‘ग्लायोमाची शक्यता’ असं येतं, म्हणजे मेंदूच्या ट्यूमरची. रेडिओलॉजिस्टला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर चित्र असतं, माणूस नसतो.

ढेबेवाडी भागातल्या एका तिशीतल्या बाईंचं असंच झालं. डावा हात उचलेना, चालताना पाय ओढला जायचा. मेंदूच्या उजव्या भागात भलामोठा डाग. पण चकाकणारी कड पूर्ण गोल नव्हती. घोड्याच्या नालेसारखी ती एका बाजूला उघडी होती आणि ती उघडी बाजू मेंदूच्या पृष्ठभागाकडे, करड्या भागाकडे होती. एवढ्या आकाराच्या ट्यूमरनं मेंदूची मधली रेषा बाजूला रेटली असती. इथं ती जेमतेम हलली होती. परफ्युजन स्कॅनमध्ये रक्तपुरवठाही वाढलेला नव्हता. जहाल ग्लायोमात तो सहसा वाढतो.

“याआधी डोळ्याला कधी काही झालं होतं?” मी विचारलं. बाई गप्प राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, “मागं एक डोळा धुरकटला व्हता की. पर आपसूक बरा झाला, मग कशाला दावायचा?”

त्या धुरकटलेल्या डोळ्यानं निम्मं निदान केलं. डोळ्याच्या नसेची तपासणी आणि पाठीतलं पाणी, दोन्ही एमएसच्या बाजूनं बोलले. कवटी उघडावी लागली नाही.

सगळं इतकं सरळ नेहमी होत नाही. स्पेक्ट्रोस्कोपी या तपासणीत कोलीन हे रसायन वाढलेलं दिसलं की ट्यूमर म्हणून मोकळं होणारे आहेत, पण ते एमएसच्या ताज्या डागातही वाढतं. शंका उरली तर बायोप्सीला पर्याय नाही, आणि तीही फसवू शकते. डागातल्या सुजलेल्या ताराकृती पेशी घाईत पाहिल्या तर ट्यूमरच्या वाटतात; मायलिन गिळून फुगलेल्या पेशी ओळखल्या तरच निदान वळतं. म्हणून बायोप्सीच्या कागदावर ‘एमएसची शंका’ एवढे शब्द आवर्जून लिहावेत. चुकून ट्यूमर समजून रेडिएशन दिलं, तर एमएसच्या मेंदूला ते भोवू शकतं.

आपल्याकडं हा गुंता आणखी वाढतो, कारण टीबीची गाठ आणि टेपवर्मच्या अळीची गाठ याही कडेनं चकाकतात. फिट येणाऱ्या पेशंटच्या सीटी स्कॅनमधला एकुलता छोटा डाग पूर्वी सर्रास टीबीचा धरला जाई. वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये असे डाग अळीचेही असतात हे दाखवून दिलं. एमएस मात्र ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणून बाजूला पडला होता. मुंबईत डॉ. नोशीर वाडियांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं 1990 मध्ये मांडलं. एमआरआय हाताशी आल्यावर इतर समाजांतही तो सापडू लागला.

सूज उतरवायला देतात त्या स्टेरॉइडबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. ‘इंजेक्शननं उतार पडला, म्हणजे ट्यूमर नाही’ हे साफ चूक आहे. स्टेरॉइडनं ट्यूमरभोवतीची सूजही ओसरते, पेशंट चालायला लागतो. मेंदूतला लिम्फोमा हा ट्यूमर तर काही काळ फिल्मवरून दिसेनासा होतो, आणि मग बायोप्सीत हाती काही लागत नाही. पेशंट बेशुद्धीकडे चालला असेल तर थांबायचं कारण नाही. एरवी तालुक्यातल्या डॉक्टरमित्रांनी डेक्सा हे स्टेरॉइड सुरू करण्याआधी एक फोन करावा. आणि घरच्यांनी जुन्या फिल्म, सीडी, डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, जे असेल ते सगळं सोबत आणावं, फक्त नवा रिपोर्ट नव्हे.