जवला, जवळा आणि सुकट

'ठाणे स्थानक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. शिलाहारांच्या काळात या गावाचं नाव होतं 'श्रीस्थानक'. शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात घोळून त्याचं 'ठाणं' झालं. पुढे आगगाडी आली, स्टेशनला मराठी शब्द हवा झाला आणि तोच 'स्थानक' संस्कृतातून इस्त्री करून परत आणला गेला. एक शब्द वापरून झिजलेला, दुसरा कोरा करकरीत, आणि दोघे एकाच पाटीवर.

मी मूळची सातारकडची. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला तीस वर्षं झाली. या लोहमार्गावरून हजारो वेळा गेले, पण कायम घड्याळाकडे बघत. त्या दिवशी रजा होती. ठरवलं, आज फक्त ऐकत जायचं. ठाण्याहून कल्याण आणि परतीला डोंबिवली.

गाडी पकडण्याआधी कारागृहाच्या बाजूने एक फेरी मारली. हा मुळात किल्ला. १७३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि १७७४मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे त्याचा तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली. गंमत अशी की पोर्तुगीज गेले, पण 'तुरुंग' हा शब्द त्यांचाच राहिला. त्यांच्या भाषेत 'ट्रोंको' म्हणजे झाडाचं खोड आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडासुद्धा. आपण 'खोडा' म्हणतो तोही खोडावरूनच आला. दोन्हीकडच्या माणसांनी कैद्यासाठी झाडच तोडलं होतं म्हणायचं. चावी, पगार, पाव, बटाटा हे शब्दही त्यांचेच. आपण ते उसने घेतले हे आता कुणाला आठवतही नाही.

कल्याणची धीमी लोकल पकडली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. वर्षभरात रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले. १९१६पासून जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जाऊ लागल्या. धीमी मात्र कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर असं गाव घेत जाते. महिलांच्या डब्यात कान उघडे ठेवले की अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा उलगडतो. दारापाशी एकीने फोनवर विचारलं, "काय करून राहिली गं?" ही वऱ्हाडातली. खिडकीजवळचीने मैत्रिणीला हटकलं, "खय चललंस गो?" ती मालवणची. तिसरी उठता उठता म्हणाली, "चला, मी जातो." बाई असून 'जातो' म्हणणारी ही कोल्हापूरकडची असणार. कुणी कुणाला गाव विचारलं नव्हतं, पण सगळ्यांनी ते सांगून टाकलं होतं. या सगळ्याजणी गेल्या दोन-तीन पिढ्यांत रेल्वेच्या मागोमाग आलेल्या. आणि जिथे आलो तिथल्या मूळच्या माणसांची बोली? ती या डब्यात मला ऐकू आली नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

कल्याणला उतरून दुर्गाडीला गेले. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीच्या काठी आरमाराला सुरुवात झाली. पण कल्याणचं बंदर त्याहून कितीतरी जुनं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या सागरी वाटांच्या पुस्तकात याचं नाव 'कल्लिएना' असं येतं. इथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्या दाव्यातला हा एक महत्त्वाचा पुरावा. आपण लेखाचं कौतुक करतो. पण त्या वाटेच्या पायथ्याशी, खाडीकाठी, मीठ पिकवणाऱ्यांच्या बोलण्याला मात्र 'अशुद्ध' म्हणून मोकळे होतो.

मीठ पिकवायचं ते आगर, आणि आगर पिकवणारा तो आगरी. डोंबिवली, कल्याण, भिवंडीच्या आसपासची गावं प्रामुख्याने आगरी-कोळ्यांची. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, आणि दोन स्वरांमधला 'ड' पुष्कळदा 'र' होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५मध्ये काढला, त्यात कोळी, ठाकरी, कातकरी, वारली यांच्या पंक्तीत आगरीही आहे. बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत सांगायला लावून त्याने नमुने गोळा केले होते.

या बोलीत जुनं किती टिकलंय बघा. आगरी लग्नात हळदीला आणि मांडवात 'धवला' गातात. गाणारी ती धवलारीण. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रचले ते 'धवळे'. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव आपण शाळेत पाठ करतो. पुस्तकात उरलेला तो प्रकार इथे वाड्या-पाड्यांत अजून गळ्यात आहे. शिवाय संस्कृत 'धवल'मधला 'ल' आपण सोडला, त्यांच्या तोंडी तो आहे. मग अशुद्ध कोण?

परतीला डोंबिवलीत उतरले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचं हे गाव, म्हणून इथल्या पांढरपेशांना आपल्या मराठीचा अभिमान. पण २०१७मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा यजमान होता आगरी यूथ फोरम. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. घरच्या कार्याला घरच्यांनीच मांडव घालावा तसं झालं.

स्टेशनबाहेरच्या बाजारात सुक्या म्हावऱ्याच्या पाट्या लागल्या होत्या. मला विल्यम लबॉव्ह आठवला. हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला आणि विक्रेत्यांना मुद्दाम चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारत फिरला. त्याला वस्तू नको होती. 'फोर्थ फ्लोअर' म्हणताना कोण 'र' उच्चारतो आणि कोण गिळतो, एवढंच ऐकायचं होतं. महागड्या दुकानात 'र' जास्त निघाला, स्वस्त दुकानात कमी. ऐकू आलं नाही असं भासवून तो पुन्हा विचारी, तेव्हा बरेच जण सावध होऊन 'र' नीट म्हणत.

मीही एका पाटीपुढे थांबले. बारीक, गुलाबीसर ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, हे काय?"

"जवला."

"काय?"

मावशीने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. जीभ जरा वर वळवून सावकाश म्हणाली, "जवळा. जवळा, ताई."

मला कसंनुसंच झालं. पहिल्या उत्तरात तिचं गाव होतं. दुसऱ्यात तिला दिसलेली मी होते. माझ्यासाठी तिने तोंडातला शब्द बदलून दिला होता, पाहुणा आल्यावर घाईने उशीचा अभ्रा बदलावा तसा. तीस वर्षं याच बाजारात मी हेच करवून घेत आले असणार. न विचारता, निव्वळ समोर उभी राहून.

ओशाळून मी बोलून गेले, "म्हणजे आमचं सुकटच की!"

ती एकदम हसली. "घाटावरच्या का तुमी?"

पुस्तकी मराठीने तीस वर्षं झाकलेलं माझं गाव एका 'सुकट'ने उघडं पडलं. मी होय म्हटलं. शेजारच्या पाटीवालीला तिने ती बातमी दिली, दोघी हसल्या, मीही हसले. मग तिने माप भरलं, वर मूठभर जास्तीचं टाकलं आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली,

"कांदा जास्त घाल बाय. जवला गोर लागल."