मरोळहून माहेरी

आमच्या मामी १९७४ साली लग्न होऊन गिरगावातून मरोळला आल्या. त्या वेळी त्यांची ओटी भरताना चाळीतल्या बायकांनी, अंदमानला निघालेल्या माणसाकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले होते म्हणे. "मरोळ? म्हणजे वसईच्या अलीकडे की पलीकडे?" असे एकीने विचारले. दुसरीने, तिकडे वाघ येतात हे खरे का, अशी चौकशी केली. पहिला प्रश्न गिरगावकरांच्या भूगोलाला शोभणारा होता. दुसरा मात्र अगदीच अडाणीपणाचा नव्हता. आरे वसाहतीच्या कडेला बिबट्या तेव्हाही येई आणि आजही येतो.

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. नाक्यापासून पाच मिनिटांवर त्यांनी तीन मजली सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. पाणी एक वेळ, वीज मर्जीनुसार, आणि पावसाळ्यात बेडकांचे गायन रात्रभर. माहेरी जायचे म्हणजे नाक्यावर बसची वाट पाहायची, लोंबकळत अंधेरी गाठायची, तिथून लोकलने चर्नी रोड आणि पुढे पायी. मूल कडेवर असले की दोन तास सहज मोडत. तेव्हा गणपती, दिवाळी आणि बाळंतपण एवढ्या कारणांखेरीज मामी माहेरी गेल्या नाहीत. "माझं माहेर रत्नागिरीला असतं तर जास्त वेळा गेले असते," असे त्या म्हणत, "निदान तिथं जायला एसटी तरी बसायला मिळते!"

मी बोरिवलीचा. उन्हाळ्याच्या सुटीत मामींकडे राहायला जाई, आणि घाटकोपरला त्यांच्या नणंदेकडे लोणच्याची बरणी पोचवायचे काम माझ्याकडे असे. ३४० नंबरच्या बसमध्ये दोन गुडघ्यांत बरणी धरून अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून केलेला तो प्रवास मला अजून आठवतो. साकीनाक्याला बस थांबली की कंडक्टर तिकिटांचे पैसे मोजून, हिशेब लिहून, वर कपाळावरचा घाम पुसून घेई, तरी बस जागची हललेली नसे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला मुंबईत रेल्वेचे दोन रस्ते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याने मात्र रामाचे नाव घ्यावे, असा या शहराचा जुना न्याय.

पुढे जुने नकाशे चाळण्याचा मला नाद लागला, तेव्हा कळले की हा न्याय पूर्वी एकदा मोडला होता. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यावरून थेट तुर्भ्यापर्यंत, म्हणजे आपण ज्याला ट्रॉम्बे म्हणतो तिथवर, तेरा किलोमीटरची आगगाडी सुरू झाली होती. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे असे तिचे नाव. सहा वर्षे ती चालली. १९३४ साली ती बंद झाली आणि तिची जमीन सांताक्रूझच्या विमानतळाकडे गेली. विमानाने आगगाडी गिळली असे हे विरळा उदाहरण. त्यानंतर अंधेरीहून पूर्वेकडे रुळांवरून जायला माणसाला ८ जून २०१४ उजाडावा लागला. त्या दिवशी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली: ११.४ किलोमीटर, बारा स्थानके, प्रवास एकवीस मिनिटांचा. मामींच्या नणंदेला ते पाहायला मिळाले नाही. लोणच्याची बरणी माझ्या हाती असती तर तिच्यातले तेल पहिल्यांदाच सांडले नसते.

त्या गाडीत बसायला कुणाला बोलवावे लागले नाही. दोन्ही बाजूंच्या लोकल तिने जोडल्या आणि मधल्या कारखान्यांना, कचेऱ्यांना, झोपड्यांना नि चाळींना दार उघडून दिले. चारच डबे, आणि २०२५ मध्ये कामाच्या दिवशी सुमारे पाच लाख माणसे! संध्याकाळी घाटकोपरच्या फलाटावर आपण चालत नाही, आपल्याला चालवले जाते.

याउलट दुसऱ्या गाडीची गोष्ट. हीही मरोळ नाक्यालाच येते, परंतु जमिनीखालून. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. आरेचे तेवढे जमिनीवर, बाकीची सारी भुयारात. २०१७ च्या सुमारास नाक्यावर उंच पत्रे लागले आणि मामींच्या घराच्या भांड्यांना कंप सुटला. बोगदे खणायला सतरा यंत्रे आणली होती आणि त्यांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा अशी नद्यांची नावे दिली होती. मामींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "जमिनीखालून एकटी सरस्वती वाहते असं ऐकलं होतं. आता सगळ्याच निघाल्या वाटतं!" मुंबईचा काळा पाषाण फोडायचा म्हणजे लोणी कापणे नव्हे. सात वर्षे धूळ, सात वर्षे वळसे, सात वर्षे रिक्षावाल्यांचे 'तिकडून नाही जाणार'. नाक्यावरचा फुलवाला दोनदा जागा बदलून तिसऱ्यांदा गावी गेला, तो आलाच नाही.

आरेच्या कडेचे प्रकरण याहून कडू. गाड्या ठेवण्याच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याविरुद्धचे अर्ज उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ ला फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हटले, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. मग कारशेड २०२० मध्ये कांजूरमार्गला निघाली आणि २०२२ मध्ये आरेला परत आली. झाडांना मात्र परत येण्याची सोय नसते. मी त्या गाडीत बसतो, तिचा थंडावा मला आवडतो, आणि आरेचे स्थानक आले की मी खिडकीबाहेर न बघता हातातल्या पुस्तकात बघतो. हा माझा भित्रेपणा आहे, हे मला ठाऊक आहे.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तुकडा लोकांसाठी उघडला. मूळ आराखड्यात सबंध मार्गावर २०२१ पर्यंत रोज तेरा लाखांहून अधिक प्रवासी येतील असे धरले होते. या पहिल्या तुकड्यावर पहिल्या दिवशी वीस हजारदेखील आले नाहीत. आठ डब्यांची गाडी, काचेची दारे, आणि आत माझ्यासारखे हौशी चारसहाजण. वर डोक्यावरून घाटकोपरची गाडी माणसांनी फुटते आहे आणि खाली वीस-पंचवीस मीटरवर ही लग्नाच्या रिकाम्या मंडपासारखी उभी आहे, असा तो देखावा होता. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. परंतु मामींनी, ज्यांनी आयुष्यात वाहतुकीवरचे एकही पुस्तक वाचलेले नाही, मर्म नेमके सांगितले. "अरे, ही जाते कुठं? ना घरापासून निघते, ना माहेरी पोचते!"

खरेच, कचेऱ्यांच्या वस्तीतून निघून विमानतळाखालून कचेऱ्यांच्याच वस्तीत जाणाऱ्या गाडीत रोजचा माणूस कशाला बसेल? १० मे २०२५ पासून ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत जाऊ लागली. ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत. त्या शेवटच्या दिवशी प्रवासी दीड लाखाच्या थोडे वर गेले. तेरा लाख अजून फार दूर होते, पण मंडपात वऱ्हाड येऊ लागले एवढे खरे.

येऊ लागले ते कोण, हेही पाहण्यासारखे आहे. मामींकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी चर्चगेटला एका कचेरीत साफसफाई करते. मी तिला विचारले, आता भुयारातून जातेस की नाही? तिने माझ्याकडे, मास्तरांना हिशेब येत नाही याची खात्री पटावी तसे पाहिले. "काका, अंधेरीहून लोकलला दहा रुपये. हिच्यात शेवटपर्यंतचे सत्तर. एक दिवस बसले होते, वाढदिवसाला." वाढदिवसाला बसायची गाडी! भाडे ठरवणाऱ्यांनी हा शब्द एकदा कानांवर घ्यावा.

पण ती गाडीत बसो वा न बसो, गाडी तिच्या वस्तीत येऊन बसली आहेच. मुंबईत घर विकत घेणाऱ्याला १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का अधिक द्यावा लागतो. आणि स्थानकाच्या पाच मिनिटांवर घर असणे ही आता दौलत झाली आहे. मामींच्या घराच्या मागे मरोळचे गावठाण आहे. क्रूस, तुळया, कौले आणि अजून मराठी बोलणारी जुनी ख्रिस्ती घराणी. त्यांचे पूर्वज कोंडिविट्याला राहत. तिथले १५७९ चे चर्च, एकोणिसाव्या शतकात साथ आली तेव्हा, ओस पडले. त्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. त्या लोकांना रोगराईने उठवले. आता त्यांच्या कौलांवर ज्यांची नजर आहे ते हसतमुख असतात आणि पेढे घेऊन येतात.

मामींच्या सोसायटीतही पेढे आले. इमारत पन्नाशी ओलांडलेली, सळया उघड्या पडलेल्या. पुनर्विकास नको असे म्हणण्यासारखी तिची प्रकृती नाही. नियमाप्रमाणे निम्म्याहून एक टक्का अधिक, म्हणजे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. बिल्डरचा माणूस नम्र होता. विमानतळ जवळ असल्याने इमारत फार उंच नेता येत नाही, त्यामुळे गणित अवघड आहे, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. नवे घर मोठे मिळेल, लिफ्ट मिळेल. मधली तीन वर्षे बाहेर राहावे लागेल, त्याचे भाडे मिळेल. ते भाडे मरोळात पुरणारे नव्हते. "विरार साइडला छान टू बीएचके मिळतो, मावशी," तो म्हणाला.

मामींचे वय पंचाहत्तरीच्या घरात. मामा गेले त्याला नऊ वर्षे झाली. मुलगा मरोळात घर घेऊ शकला नाही म्हणून बदलापूरला राहतो. नाक्यावरचा डॉक्टर, किराणावाला, खालच्या मजल्यावरच्या दोन बायका आणि सकाळचे देवळापर्यंतचे चालणे, एवढ्यावर त्यांचा संसार उभा आहे. तीन वर्षांनी परत येणे हा तिशीतल्या माणसाचा हिशेब. त्या काही बोलल्या नाहीत. मला फक्त म्हणाल्या, "रविवारी मला त्या गाडीनं गिरगावात ने."

गेलो. मी बोरिवलीहून राष्ट्रीय उद्यान स्थानकावर गाडी धरून गुंदवलीला उतरलो, पूल ओलांडून घाटकोपरची गाडी घेतली आणि मरोळला पोचलो. मामी तयार होत्या. इरकल नेसलेल्या, हातात पिशवी. सरकत्या जिन्याची त्यांना भीती वाटली, म्हणून लिफ्टने उतरलो. गाडी सुटली. विमानतळ डोक्यावरून गेला, मिठी नदी डोक्यावरून गेली. मामी प्रत्येक स्थानकाचे नाव मोठ्याने वाचत होत्या. शीतलादेवी आली तेव्हा हात जोडले, सिद्धिविनायकाला पुन्हा जोडले, आचार्य अत्रे चौकाला हसल्या. जगन्नाथ शंकरशेठ आले तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीने सांगू लागलो की, या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली ज्या कंपनीने धाववली तिच्या संचालकांत हे नाना होते. "माहीत आहे," मामी म्हणाल्या, "आमच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे."

घड्याळात पाहिले. मरोळहून निघाल्याला पाऊण तासही झाला नव्हता आणि आम्ही गिरगावात होतो. वर उजेडात आल्यावर मामी क्षणभर थांबल्या. मग माझा हात सोडून, ठाकूरद्वाराच्या बाजूला, मला मागे टाकून चालू लागल्या. दोन वळणे त्यांनी न विचारता घेतली. तिसऱ्यावर त्यांची चाळ असायला हवी होती. तिथे काचेचा मनोरा होता, दारात रोपांच्या कुंड्या होत्या आणि एक रखवालदार होता.

"किसके यहाँ जाना है, माँजी?" त्याने वही पुढे केली.

मामींनी वही पाहिली. कॉलम होते: नाव, कुठून आलात, कोणाकडे. "मरोळहून," त्या म्हणाल्या. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून थोड्या थांबल्या आणि वही परत केली. आम्ही कोपऱ्यावर पियूष प्यायलो. त्यांनी पिशवीतून वाटीभर चिवडा काढला. कुणाकडे द्यायला म्हणून आणला होता कोण जाणे. तो आम्ही दोघांनी फुटपाथवर उभ्याने खाल्ला.

परतीच्या गाडीत बरीच गर्दी होती. एका मुलाने उठून त्यांना जागा दिली. सांताक्रूझपर्यंत त्या डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "त्या चाळीतल्या आमच्या शेजाऱ्यांना परत जागा मिळाली होती रे. कागदावर सगळं नीट होतं. मधली वर्षं काढायला डोंबिवलीला गेले, मग मुलांच्या शाळा तिकडे, मग जागा विकली." आणि थोड्या वेळाने, "ही गाडी विरारला जात नाही ना?"

"नाही, मामी."

सोसायटीची विशेष सभा दिवाळीनंतरच्या रविवारी आहे. करारनाम्याचा मसुदा मामींनी देव्हाऱ्याखालच्या खणात, कालनिर्णयाच्या आत ठेवला आहे. परवा भाऊबिजेच्या सामानाची यादी करायला गेलो तेव्हा त्यांनी तो मला काढून दाखवला; इंग्रजी मजकूर मी वाचून अर्थ सांगितला. भाड्याच्या कलमाशेजारी समासात त्यांनी पेन्सिलीने आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले होते: 'भाडे मरोळ नाक्याचे धरावे. स्थानकापासून चालत.' खाली सही होती. तिच्याखाली खालच्या मजल्यावरच्या दोघींच्याही सह्या होत्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या बाईंची सही घ्यायला मामी चप्पल घालून निघाल्या होत्या.