शिकायचे राहिलेले

आमच्या तलवाड्यातही मुले मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळ खेळतात. चाली झरझर होतात. पण वेळच आधी संपत असल्याने डावाचा शेवट कच्चा राहतो. अशा वेळी आम्हांस नागपूरची दिव्या देशमुख आठवते. २८ जुलै २०२५ रोजी बातुमी येथे टायब्रेकरच्या दुसऱ्या जलद डावात, काळ्या मोहऱ्यांनी, तिने कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकला. वय अवघे १९. आक्रमक खेळ आणि घड्याळाला न डगमगणारे मन ही तिची बलस्थाने. तरी विजयानंतर लगेच ती म्हणाली, की डावाच्या अंतिम टप्प्याचा अभ्यास आपल्याला करायलाच हवा. चषकाइतकेच हे बोलणे आम्हांस मोलाचे वाटते. जिंकून आलेल्या लेकराला पेढा देताना, 'काय शिकायचे राहिले?' हेही प्रेमाने विचारावे. हरून आलेल्याला मात्र आधी पेढाच द्यावा.