‘मिडसमर’चा ऋतू

शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ वर्गात शिकवताना दरवर्षी आम्हांला शीर्षकापाशीच थांबावे लागते. ‘मिडसमर’ला मराठीत काय म्हणावे? ‘भर उन्हाळा’ म्हणताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे वैशाखातली तापलेली दुपार उभी राहते, आणि नाटकातले रान ज्या रात्री जागे होते ती रात्र हातची निसटते.

उन्हाळा आपण तापाने मोजतो; उत्तर युरोपातला ‘समर’ उजेडाने मोजला जातो. २१ जूनच्या सुमारास उत्तरायण संपते, तेव्हा लंडनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, मुंबईचा जेमतेम सव्वातेरा तासांचा. शिवाय त्या दिवशी सूर्य मुंबईच्या माथ्यावर नसतोच. मेच्या मध्यास तो माथ्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि जुलैच्या अखेरीस परततो. आपला सर्वांत मोठा दिवस ढगांआड, पेरणीच्या घाईत, कुणाच्या ध्यानात न येता निघून जातो.

मात्र ‘मिडसमर’ही आकाशाशी तंतोतंत बांधलेला नाही. तो २४ जूनचा, संत जॉनच्या जन्माचा सण. हे नाटक १६०० साली छापले गेले तेव्हा इंग्लंडात ज्युलियन कालगणना होती. सर्वांत मोठा दिवस ११-१२ जूनलाच उलटून जाई, सण मात्र आपल्या तारखेला राही. आपल्याकडेही पंचांगातले दक्षिणायन कर्कसंक्रांतीला, म्हणजे १६ जुलैच्या सुमारास सुरू होते. सूर्य पुढे जातो, माणसे दिवस धरून ठेवतात.

हाच २४ जून गोव्यात ‘सांजांव’ होतो. युरोपात या सणाला ठिकठिकाणी आगी पेटवतात. गोव्यात ऐन पावसाळ्यात, डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून लोक विहिरींत उड्या घेतात. एलिझाबेथच्या उदरात बाळ जॉनने आनंदाने उडी घेतली, तिचे हे स्मरण. तारीख समुद्रापलीकडून आली. ऋतू गोव्याने आपला दिला. भाषांतराचा याहून चांगला धडा आम्हांला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

म्हणून शीर्षकाचा प्रतिशब्द आम्ही फळ्यावर लिहीत नाही. २४ जूनच्या रात्री तुमच्या गावात काय चाललेले असते, एवढेच विद्यार्थ्यांना लिहायला सांगतो. कुणी गळक्या कौलांबद्दल लिहितो, कुणी रखडलेल्या पावसाकडे डोळे लावून बसलेल्या घराबद्दल. त्या वह्या तपासल्यावरच आम्ही नाटकाचा पहिला अंक उघडतो.